हिरवीचा थेंब

“दत्ताराम, थेंब परत पडतोय हो,” राजाध्यक्षसाहेब दारातूनच म्हणाले.

मी ओट्यापाशी मोरावळ्याच्या बरणीशी झटत होते. झाकण काही केल्या फिरेना. पदर गुंडाळून झाला, ओट्याच्या कडेवर ठोकून झालं. साहेबांचा आवाज आला तशी मी बरणी पिंपामागे सरकवली आणि “या ना, बसा” म्हटलं. आमचे हे खाटेवर पेपर वाचत होते, ते पेपरासकट उभे राहिले.

“कसा पडेल साहेब? गुरुवारी येऊन आवळून गेलो की मी.”

“आवळलात खरं. पण आज सकाळी गाडीखालचा पेपर बघितला तर हा एवढा डाग.” साहेबांनी तळहात दाखवला. “आधी अठन्नीएवढा पडायचा. तुम्ही आवळल्यापासून वाढलाय.”

शेवटचं वाक्य ते अगदी हळू बोलले. माणूस सभ्य. दुसरा कोणी असता तर चाळभर ऐकू गेलं असतं.

विद्याधर राजाध्यक्ष म्हणजे बाभईतले जुने रहिवासी. फोर्टात मोठ्या ऑफिसात नोकरी, बैठा बंगला, दारात सोनचाफा आणि चाफ्याखाली ती गाडी. विलायती, दोन सीटांची, कापडी टपाची, गर्द हिरवी. त्यांच्या काकांनी कुठल्याशा इंग्रज मॅनेजरकडून, तो देश सोडून जाताना घेतलेली. साहेब तिला स्पोर्ट्स कार म्हणायचे. आमच्या घरात तिचं नाव हिरवी. हिरवीला बरं नाही, हिरवीचे प्लग साफ करायचेत, असं आमच्याकडे बोलणं चालायचं. नव्या माणसाला वाटावं, गावाकडे गाय आहे. वर्षभर ती गाडी फारशी हलायची नाही. दसऱ्याला मात्र झेंडूचा हार घालून साहेब तिला गोराईच्या खाडीपर्यंत नेऊन आणायचे. कुंदाताई, म्हणजे साहेबांच्या मिसेस, केस विस्कटतात म्हणून बसायच्या नाहीत. मग शेजारच्या सीटवर कोण, तर दत्ताराम मेस्त्री, इस्त्रीचा शर्ट घालून. वर्षातून त्या एकाच दिवशी ह्यांना गाडीत बसून कुठेतरी जायला मिळायचं. बाकीचे दिवस गाडीखाली.

“येतो मी,” हे म्हणाले. “दसऱ्याच्या आत करून देतो.”

साहेब गेले. हे तसेच उभे. मग मला म्हणाले, “विमल, आवळल्यार थेंब वाढता कसो?”

हे मालवणकडचे, घरात मालवणीच बोलतात. मी लालबागला जन्मले-वाढले, मी माझं मुंबईचं बोलते. एवढी वर्षं आमचं असंच चाललंय आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

“मला काय विचारता? मी मेकॅनिक आहे का?” मी म्हटलं. पण थेंब का वाढला त्याची मला शंका होती, आणि ती शंका पिंपामागे बरणीत बसली होती.

ह्यांचं गॅरेज म्हणजे मागाठाण्याला एका लाकडाच्या वखारीच्या भिंतीला टेकवलेले चार पत्रे. बोर्ड नाही. तरी पार दहिसरपासून गाड्या यायच्या, कारण एकच. ह्यांच्या हातची गाडी परत येत नाही. कुठला नट किती आवळायचा ते मोजायचं यंत्र मोठ्या वर्कशॉपात असतं म्हणे. ह्यांच्याकडे मनगट. हे म्हणायचे, नट सांगतो. ढिला असतो तोवर गप्प असतो, बसला की बस म्हणतो, त्याच्यापुढे गेलात तर रडतो. मला हसू यायचं. माझी मस्करी करायची सवय जात नाही, मी म्हणायचे, “नट बोलतो ते ऐकता, बायको बोलते ते नाही.” पण खरं सांगायचं तर मला त्या मनगटाचा अभिमान होता. आमचं सगळं घर त्याच्यावर उभं होतं आणि ह्यांची सगळी ऐटही. अंगावर धड कपडा नसला तरी चालेल, पण “दत्ताराममेस्त्रीनं हात लावलाय ना, मग झालं” हे कुणी म्हटलं की चार दिवस जमिनीवर पाय नसायचा.

आणि त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरातली झाकणं उघडेनाशी झाली.

आधी लोणच्याची बरणी. मग पावडरचा डबा. मग स्टोव्हची चावी इतकी पिळलेली की मला सकाळचा चहा करायला शेजारच्या शांताबाईंकडून पक्कड आणावी लागली. मोरीतला नळ ह्यांनी बंद केला की वॉशर चिरडायचा. टूथपेस्टचं टोपण तर दोनदा तडकलं. मी पहिल्यांदा चिडले, अंगात रेडा शिरलाय का म्हटलं. मग एक दिवस गणेशगल्लीत माहेरी जाताना ह्यांची एक चप्पल मागेच राहिली आणि हे तसेच चालत राहिले. मी सांगेपर्यंत पत्ता नाही. रस्ता तापलेला, आणि ह्यांना पत्ता नाही. ह्यांना साखर आहे हे दवाखान्यात कळलेलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हातापायाला मुंग्या येतील, बधिरपणा येईल, लक्ष ठेवा. लक्ष मी ठेवत होते. हात बधिर झाल्यावर माणूस जास्त जोर लावतो, कारण त्याला लागलंय ते कळतच नाही. एवढं मला शिवणाच्या मशीनवर बसूनही समजत होतं.

पण सांगू कशी? झाकणं सोडवून ठेवायची, नळाचा वॉशर बदलायचा, गप्प बसायचं. हात गेला असं ह्यांना सांगायचं म्हणजे तुम्ही गेलात असंच सांगायचं. माझी जीभ तशी चुरूचुरू चालते, पण तिथे येऊन थांबायची.

रविवारी हे बाभईला निघाले तशी मीही निघाले. कुंदाताईंचा ब्लाउज शिवून तयार होता, निमित्त चांगलं होतं.

साहेबांनी गाडी आधीच घोड्यांवर चढवून ठेवली होती. म्हणजे चाकांखालची जमीन सोडून लोखंडी तिवईवर. हे पोतं अंथरून खाली शिरले. बाहेर फक्त पाय दिसत होते. एका पायात चप्पल, दुसरी कुठे तरी पडलेली. मी ती उचलून बाजूला ठेवली.

इंजिनाच्या पोटाला तेलाची परात असते, तिला हे लोक चेंबर म्हणतात. चेंबरच्या तळाला तेल सोडायचा बोल्ट. थेंब तिथूनच पडत होता. खालून पान्याचा आवाज आला. मग ह्यांचा श्वास, जोर लावल्याचा. मग कर्र असा बारीक आवाज. आणि मग काहीच नाही.

“काय झालं?” साहेबांनी वाकून विचारलं.

मी खाली बसून बघितलं. हे पडल्या पडल्या बोल्ट बोटांनी फिरवत होते आणि तो नुसता गोल गोल फिरत होता.

“घमेलं देवा,” हे म्हणाले.

बोल्ट बाहेर काढून तेल घमेल्यात सोडलं. बोल्टाच्या आट्यांमध्ये चांदीसारखी बारीक तार अडकली होती. चेंबर ॲल्युमिनियमचं, मऊ. पोलादी बोल्टानं आतले आटे सगळे खरवडून आणले होते. थेंब दिसला म्हणून आवळलं, आवळलं म्हणून थेंब वाढला, वाढला म्हणून परत आवळलं. हे ती तार नखानं काढत बसले. मला वाटलं आता ह्यांना कळलं. पण हे बोलले एवढंच, “आटे गेले साहेब. चेंबर उतरवायला लागेल.”

“जुनी गाडी आहे. व्हायचंच,” साहेब म्हणाले.

ह्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

चेंबर गोणपाटात गुंडाळून आम्ही रिक्षानं चारकोपला गेलो. तिथल्या गाळ्यांमध्ये भीमराजचं लेथमशीन. भीमराज ह्यांचा जुना दोस्त. रविवारीही मशीन चालू. ह्यांना बघून खूष झाला, पोरगं पाठवायच्या ऐवजी स्वतः जाऊन चहा सांगून आला. मग चेंबर उजेडात धरलं, भोकात बोट घालून फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

“कुठल्या गाढवानं आवळलाय हा, दत्ताभाऊ? पान्याला पाइप लावून लटकला की काय? वाट लावली यार चेंबरची.”

मी गाळ्याबाहेर बघायला लागले. समोर कुणीतरी पत्रे कापत होतं.

“मी आवळला,” हे म्हणाले.

भीमराज हसला. “सोड ना. तू आवळणार असा? माझा मशीनचा हात चुकेल, तुझा नाही चुकणार. सांग ना, कोण होता?”

तेवढ्यात चहा आला. ग्लास इतके गरम, की मी माझा कडेला दोन बोटांत धरला आणि तरी पदर लावला. भीमराजनं त्याचा फळीवर ठेवून दिला. ह्यांनी पूर्ण मुठीत धरला, पाण्याचा पेला धरावा तसा, आणि चेंबरकडे बघत राहिले. भीमराजनं त्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याचं हसू गेलं.

“भोक मोठं करून नवीन आटे पाडतो,” तो म्हणाला. “एक नंबर मोठा बोल्ट करून देतो. खाली तांब्याचा वॉशर. झकास होईल. तू बस.”

मग तो पाठ करून मशीनवर उभा राहिला. आम्ही निघताना बोल्ट ह्यांच्या हातात न देता माझ्या पिशवीत टाकला.

परत येताना रिक्षा मिळेना. चारकोपला तेव्हा नुसती नवी घरं उठत होती, सेक्टरांचे रस्ते सरळसोट आणि मोकळे, एकाही झाडाची सावली नाही. चेंबर खांद्यावर घेऊन हे पुढे, मी मागे. मध्येच थांबले.

“तुका कधीपासून म्हायत आसा?”

“काय?”

“गप रव. भीमराजाक मान हलवून दाखवलंस, ता मी बघलंय.”

मग मी सांगितलं. लोणच्याची बरणी, पावडरचा डबा, स्टोव्ह, नळ, चप्पल. बोलायला लागले तशी थांबता येईना. हे ऐकत होते. मध्येच म्हणाले, “नळ पण?”

“नळ पण.”

“आणि तू रोज सोडवत होतंस?”

“मग काय करू? बरण्या तुमच्या डोक्यावर फोडू?”

हे हसले. खरंच हसले. आणि हसता हसताच खांद्यावरचं चेंबर खाली ठेवून रस्त्याच्या कडेला पडलेल्या पाइपावर बसले. हाताची मूठ केली, उघडली, परत केली.

“माका वाटला, मी पयल्यासारखोच आवळतंय,” हे म्हणाले. “हाताक कायच कळणा नाय, विमल. ता पण कळला नाय.”

मला रडू आलं. राग पण आला, कुणाचा ते सांगता येत नाही. ज्या माणसाचं कौतुक ऐकत मी म्हातारी होत आले, तो माणूस स्वतःची मूठ दुसऱ्याची असल्यासारखी बघत होता. मी शेजारी बसले. रस्त्यावर बसायची मला लाज वाटते, पण बसले. थोड्या वेळानं रिक्षा आली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी चेंबर चढवायला घेतलं. साहेबांनी ऑफिसला दांडी मारली होती. कुंदाताई दारातल्या ओट्यावर मी शिवलेला ब्लाउज घालून उभ्या, गळा छान बसलाय असं तिसऱ्यांदा सांगत. ह्यांनी चेंबर वर धरून सगळे छोटे बोल्ट बोटांनी लावले. मग हात बाहेर आला, मी पाना दिला. पाना घेऊन हे नुसते पडून राहिले.

मग सरपटत बाहेर आले, उठून उभे राहिले आणि हात पुसले.

“साहेब, एक बोलायचं होतं,” हे म्हणाले. “गाडी जुनी म्हणून आटे नाही गेले. माझ्या हातानं गेले. साखरेनं हात बधिर झालाय. किती जोर लागतोय ते मला आता कळत नाही. हे आवळायला मी हिला सांगणार आहे. मी खाली बाजूला असेन. तुमच्या मनाला पटत नसेल तर सांगा, दुसरा मेकॅनिक मी स्वतः आणून देतो. चांगला आणतो.”

मला आधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. कुंदाताईंचा हात गळ्याशी तसाच राहिला.

साहेबांनी गाडीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. नको म्हणाले असते तर त्यांचं काय चुकलं असतं? काकांची ठेव ती. पण ह्यांनी एवढं तोंड उघडून सांगितलं होतं, आणि वर नकार आला असता तर हे परत कुठल्या गाडीखाली गेले नसते, एवढं मला ठाऊक होतं.

“विमलताई,” साहेब म्हणाले, “चष्मा काढू नका. वरून तेल पडतं, डोळ्यात जाईल.”

आणि स्वतः आत जाऊन चटई घेऊन आले.

मी पदर खोचला आणि देवाचं नाव घेऊन खाली शिरले. खाली तेलाचा वास आणि अंधार. हे बाजूला आडवे, टॉर्च धरून. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं ऑफिस मी पहिल्यांदा आतून बघत होते. तसं म्हटलं तर हे म्हणाले, “बोलू नको, पानो धर.”

छोटे बोल्ट आधी. समोरासमोरचे, थोडे थोडे, एकदम नाही. मग भीमराजचा नवा बोल्ट, खाली तांब्याचा लालभडक वॉशर. मी बोटांनी फिरवत नेला, मग रिंगचा पाना चढवला.

“काय लागता?”

“काहीच नाही. सैल आहे.”

“फिरव. आता?”

“आता टेकला.”

“हळू. जोर लावू नको, नुसतो हात ठेव. आता?”

“वॉशर दबतोय. मऊ लागतंय.”

“आणि?”

मी डोळे मिटले. शिवताना सुई जाड घडीपाशी आली की मनगटाला आधी समजतं, तेवढंच माझं ज्ञान. पाना आणखी जरासा सरकला आणि मग हाताला काहीतरी सरळ सांगून गेलं.

“नको म्हणतोय,” मी म्हटलं.

“बस,” हे म्हणाले. “सोड.”

टॉर्चच्या उजेडात त्यांचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. ते बोल्टाकडे बघत नव्हते. माझ्या मनगटाकडे बघत होते.

तेल भरलं, इंजिन चालू केलं, खाली कोरा पेपर अंथरला. संध्याकाळपर्यंत हे चाफ्याखाली उकिडवे बसून होते. कुंदाताईंनी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा बिनसाखरेचा, न सांगता. पेपर कोरा राहिला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी साहेब आमच्या दारात आले, हातात तोच पेपर. तो ह्यांच्यासमोर धरला. एक डाग नाही. ह्यांनी तो उलटून पालटून बघितला आणि मग आतली बातमीच वाचायला लागले. साहेब हसत म्हणाले, “उद्या आठ वाजता. इस्त्रीचा शर्ट.”

“येतो,” हे म्हणाले.

साहेब गेल्यावर ह्यांनी मला सांगितलं, इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते अजून कळतं, कानाला काही झालेलं नाही. कार्ब्युरेटर लावता येतो. सोडायचं काम कुणीही करील. आवळायचं सगळं दुपारनंतर ठेवीन, तू डबा घेऊन येशील तेव्हा. एवढं बोलून पाने धुवायला घेतले, पूजेसाठी. एकेक पाना पुसून पाटावर ओळीनं मांडत होते. पूर्वी हे करताना शीळ वाजवायचे.

मी फुलं आणायला बाजारात गेले. झेंडू, आपट्याची पानं, गर्दीत वेळ लागला. परत आले तेव्हा हे गॅरेज झाडायला गेलेले. घर रिकामं. मोरीतला नळ बारीक गळत होता आणि खाली बादली सरळ लावून ठेवलेली. ओट्यावर खाल्लेली बशी धुऊन पालथी घातली होती. तिच्या शेजारी मोरावळ्याची बरणी. झाकण वर नुसतं ठेवलेलं, न फिरवता.

मी फुलांची पिशवी खाली ठेवली, आधी नळ बंद केला आणि मग झाकण लावलं.